वाकळेतला बालाघाट

वाकळेवर पाहुण्याला बसवलं की तो दोनदा जागा बदलतो, आणि घरचा माणूस मात्र पहिल्या बैठकीतच निवांत होतो. यात पाहुणचाराचा काही संबंध नाही, हा निव्वळ भूगोल आहे. वाकळ कुठे सपाट आहे आणि कुठे तिच्या पोटात कापडाचा गोळा दबा धरून बसलाय, हे घरच्यांना अंगवळणी पडलेलं असतं; पाहुण्याला ते मणक्याने शोधावं लागतं. पुण्या-मुंबईकडे तिला गोधडी म्हणतात, सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीकडे कौदी, आणि औसा तालुक्यातल्या किल्लारीसारख्या गावात गोधडी म्हणा की वाकळ, दोन्ही चालतं. नावं तीन, चुणी एकच. लातूरकडचं रान तसं तव्यासारखं पसरलेलं, आणि त्यात मधेच बालाघाटाची एखादी सोंड उठते. वाकळेतही अगदी तसंच. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, अख्खं गाव आपापल्या रानात जाऊन कडब्याच्या खोपीसमोर पंगती मांडतं, तेव्हा या उंचवट्याचं शास्त्रोक्त मोजमाप होतं. भज्जीचं पातेलं दमदार असल्यामुळे टिकतं, पण आंबिलीचं भांडं बरोबर चुणीवर टेकवलं जातं, आणि आंबील धोतराच्या दिशेने वाहते. मग सगळे आंबील वाढणाऱ्या सुनेकडे बघतात. वाकळेकडे कोणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बाबतीत आजवर चुकीच्या जागी बघितलं गेलंय. चुणी जिथे दिसते तिथे ती जन्मलेली नसते. ती माहेराहून आलेली असते. दुसरीकडे कुठेतरी एक तुकडा आखडला, दुसरा सैल पडला, त्यांचं एकमेकांशी जमलं नाही, आणि त्यांच्यातलं उरलंसुरलं कापड सरकत सरकत जिथे कोणी अडवलं नाही तिथे जाऊन बसलं. वाकळ दुरुस्त करणारे बहुतेकजण या निरपराध जागेवर तुटून पडतात. उंचवटा दिसला की त्यावर दाभणाने चार टाके हाणून तो दाबून टाकतात. दाबलेली चुणी मरत नाही. वीतभर अंतरावर पुन्हा डोकं काढते, आणि आता तिच्याबरोबर एक जुळी बहीणही असते. ठिगळ लावून झाकण्याचा दुसरा उपाय त्याहून भारी. त्यात डोंगर जातो कुठेच नाही, फक्त डोंगरावर फुलाफुलांचं छापील कापड चढतं.

आता तुकड्यांचं एकमेकांशी का जमत नाही ते बघू. सुती कापड मागावर ताणून विणलेलं असतं. पाण्यात पडलं की धाग्यांतला तो ताण सुटतो आणि कापड आपल्या मूळ मापाला येतं, म्हणजे आटतं. पहिल्या काही धुण्यांत जे काही आटायचं ते आटून जातं, पुढे ते जवळजवळ स्थिर राहतं. म्हणून वाकळेला जुनंच लुगडं लागतं हा जो नियम आहे, त्यात काटकसर आहेच, पण त्याहून जास्त शास्त्र आहे. दहा-बारा वर्षं नेसलेलं नऊवारी म्हणजे स्वभावाचे सगळे चढउतार संपलेला माणूस. त्याच्याकडून आता काही अनपेक्षित होणार नाही. त्याच्या शेजारी शिंप्याकडून आणलेली कोरी कात्रण लावली की पहिल्याच धुण्यात ती अंग चोरते आणि शेजाऱ्याला ओढून घेते. ही अडचण काही मराठवाड्यापुरती नाही. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ लावू नये, ते आटून जुनं आणखी फाडतं, हा दाखला खुद्द येशू ख्रिस्ताने दिल्याचं शुभवर्तमानात आहे. दोन हजार वर्षं झाली, पण आपल्याकडे दिवाळीच्या शिलाईतून उरलेली कोरी कात्रण वाकळेत घालण्याचा मोह अजून कोणाला आवरलेला नाही.

एका काळी हा प्रश्न सोपा होता, कारण घरातलं सगळं कापड एकाच जातीचं असायचं. नांदेडला उस्मानशाही मिल होती, भोवती कापसाचं रान होतं, आणि त्याच नांदेडच्या संशोधन केंद्राने पुढे 'नांदेड ४४' हे कापसाचं वाण दिलं, जे मराठवाड्याच्या काळ्या रानात वर्षानुवर्षं डोललं. अंगावर सूत, अंथरुणात सूत, गोफणीतही सूत. नंतर टेरिकॉटचा शर्ट आला, नायलॉनचं पातळ आलं, आणि इस्त्री न लागणाऱ्या साड्यांचे ढीग आले. या साड्या फाटत नाहीत, विटत नाहीत, आणि आटत तर अजिबात नाहीत. म्हणजे वाकळेत जायला लागणारा एकही गुण त्यांच्याकडे नाही; तरी त्या जातात, कारण दुसरीकडे त्यांना कोणी घेत नाही. सुती तळपदर आटतो आणि वरचा सिंथेटिक तुकडा 'मी नाही त्यातला' म्हणून आहे तेवढाच राहतो. त्याला खालून जागा कमी पडते, मग तो वर उठतो. घटस्थापनेच्या आधी घरोघर अंथरुणं धुवायला निघतात, त्या एका दुपारी अशा वाकळेचा पूर्ण नकाशा बदलतो. धुवायला नेली तेव्हा पठार होतं, वाळवून आणली तेव्हा पर्वतरांग. भिजलेली वाकळ दोघांनी मिळून पिळताना ती जे काय बोलते, त्यातलं निम्मं या तुकड्यांचं भांडण असतं. उरलेलं निम्मं पिळणाऱ्यांचं.

त्यात भर कातरीची. कापड उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापलं तर सरळ वागतं. तिरपं कापलं, ज्याला शिंपी उरेब म्हणतात, तर ते रबरासारखं ताणतं. वाकळेच्या सजावटीत त्रिकोण फार. आणि त्रिकोणाची निदान एक बाजू तिरपी असतेच. शिवताना हात जरा जोरात ओढला की ती बाजू बोटभर लांब होते, आणि ते बोटभर कापड आयुष्यभर कुठेतरी साठून राहतं. आणि तिसरा गुन्हेगार म्हणजे दोरा. तो फार ताणला की धावदोरा धावत नाही, लंगडतो, आणि कापड त्याच्यामागे गोळा होत जातं. नाडी ओढल्यावर लेंग्याचं जे होतं तेच. फरक एवढाच की लेंग्यात ते हवं असतं.

शिवणीच्या दिशेबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण इथे जगात दोन पक्ष आहेत. पाश्चात्त्य गोधडीशास्त्र सांगतं की टाके मधून सुरू करा आणि कडेकडे जा, म्हणजे जास्तीचं कापड ढकलत ढकलत बाहेर निघून जाईल. आपल्या बायका काठापासून सुरू करतात आणि चौकोनात चौकोन घेत आत जातात. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, त्याही आपली 'कवंद' अशीच कडेकडून मधे शिवतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांना कापडी फुलं लावतात. फुलांशिवाय ती त्यांना उघडी वाटते. हिशेबाने बघितलं तर पाश्चात्त्य पक्ष बरोबर. कडेकडून आत येताना सगळं फाजील कापड मध्यभागी हाकललं जातं, आणि मधे पोचल्यावर ते म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेतला 'आयत्या वेळचा विषय' होतो: सगळ्यांना माहीत असतो, कोणाच्याच पत्रिकेवर नसतो. पण आपल्या पक्षाचीही बाजू आहे. तिकडे लाकडी चौकट असते. इथे शेणाने सारवलेली जमीन, चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि हाताला लागेल तो धोंडा, आणि शिवणारी बाई स्वतः त्याच वाकळेवर बसलेली. कडा आधी बांधून टाकल्या नाहीत तर लेकरं, कोंबड्या आणि शेजारणी अशा तिघांच्या येण्याजाण्यात तिचे पदर संध्याकाळपर्यंत चार दिशांना जातील. शिवाय जाणती बाई आत जाताना दर दोन ओळींनी उरलेलं कापड बारीक बारीक घड्यांत पचवत जाते. म्हणजे दोष पद्धतीत नाही. पद्धतीतलं हे पचवणं जिने घाईत गाळलं, तिच्या हातात आहे.

आता किल्लारीच्या भिंतीकडे येतो. कारण वाकळ दुरुस्त कशी करावी, याचं सगळ्यांत तपशीलवार उत्तर मला शिवणकामाच्या पुस्तकात सापडलं नाही. ते सापडलं बांधकामाच्या भारतीय मानकात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारीला जो भूकंप झाला त्यात जवळपास ८,००० माणसं गेली. त्या मृत्यूंबद्दल या लेखात गंमत करण्यासारखं काहीही नाही, आणि मी ती करणार नाही. पण ती माणसं ज्या घरांखाली गेली, त्या घरांची रचना समजून घेणं भाग आहे. या भागातलं माळवदाचं घर खणांनी मोजतात, आणि इथली चोळीही खणाचीच. भाषेला हे नातं आधीपासून ठाऊक आहे. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत बाहेरून बुलंद दिसायची, पण ती एक भिंत नव्हतीच. आतून एक दगडी पदर, बाहेरून एक दगडी पदर, आणि मधे माती व खांडक्यांचं भरण. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड जवळजवळ कुठेच नाही. वर सागवानी तुळया, त्यावर पांढऱ्या मातीचा थर, आणि गळू नये म्हणून दर पावसाळ्याआधी त्यावर आणखी माती. थोडक्यात, वजनदार भरणाची, सुंदर अस्तराची, पण टाकाच न घातलेली वाकळ. हलवली नाही तोवर ती छान दिसते. हलली, की भरण खाली बसतं आणि दोन्ही पदर दोन दिशांना फुगून सुटतात.

आणि अभियंत्यांनी यावर जो उपाय सांगितला तो वाचताना मला दर ओळीला सुई दिसते. हलक्या प्रतीच्या गवंडीकामासाठी १९९३ सालीच निघालेलं भारतीय मानक, क्रमांक १३८२८, म्हणतं: भिंतीच्या पूर्ण जाडीचा आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला घाला, आणि आडव्यात दोन दगडांत १.२ मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवू नका. एवढा लांब दगड नसेल तर ८ ते १० मिलिमीटरची सळई इंग्रजी 'एस'सारखी वाकवून बसवा. उभ्या असलेल्या जुन्या भिंतीचं बळकटीकरण करताना मधले दगड हलक्या हाताने काढायचे, आरपार भोक पाडायचं, त्यात ही सळई ठेवून काँक्रीट भरायचं, आणि पुढचं भोक अंतर सोडून पाडायचं. याला धावदोऱ्याशिवाय दुसरं काय म्हणायचं? टाक्याची लांबी ठरलेली, दोन ओळींतलं अंतर ठरलेलं, दोरा लोखंडाचा. दगडांच्या सांध्यांत चुना-सिमेंट भरण्याला आपले गवंडी दरजा भरणं म्हणतात, आणि शिंप्याला दर्जी. शब्दांची व्युत्पत्ती वेगळी असेल, पण गवंडी आणि शिंपी शेजारी राहत असावेत असा संशय येण्याइतपत पुरावा आहे. या बळकटीकरणाच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं होतं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था त्यात होती. साहेब लोक दोन पदर, मधलं भरण आणि आरपार टाका समजावून सांगत असताना या बायकांनी चेहरा किती गंभीर ठेवला असेल, याची मला राहून राहून उत्सुकता वाटते.

यावर कोणी म्हणेल की ही उपमा जरा जास्तच ताणली. वाकळ फुगली तर पाठ दुखते, भिंत फुगली तर जीव जातो. मान्य. पण मी गुन्हे सारखे म्हणत नाही, कारण सारखं म्हणतोय. शिवाय किल्लारीपुरतं बोलायचं तर या उपमेला खुद्द जमिनीने दुजोरा दिलाय. भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल विंधनछिद्र घेतलं, तेव्हा वरचे ३३८ मीटर दख्खनच्या लाव्हाचे थर निघाले, एकावर एक अंथरलेले, आणि त्याखाली किरकोळ गाळ व मग कोट्यवधी वर्षांचा जुना पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी शिवलेली वाकळच ती. ही जमीन इतकी सपाट आणि शांत मानली जायची की भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या पट्ट्यात होता. धक्का आला तो दोन बाजूंनी दाब पडून एक थर दुसऱ्यावर चढल्यामुळे; शेतातली माती काही ठिकाणी चक्क उचलली गेली. आणि तो दाब येतो कुठून? भारताचा भूखंड उत्तरेला आशियात घुसतोय तिथून. तिथे हिमालय नावाची चुणी पडली आहेच, पण तिचा ताण शेकडो कोसांवरच्या औशाच्या रानात निघाला. चुणी दिसते एकीकडे, ओढ असते दुसरीकडे, हे मी वाकळेबद्दल म्हणत होतो तेव्हा ते कोणाला कल्पनाविलास वाटलं असेल. २००२ साली नकाशा बदलला, पहिला पट्टाच रद्द झाला आणि हा भाग तिसऱ्यात गेला. सपाट दिसणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, हे सरकारलाही कळतं. फक्त आंबील सांडल्यावर.

तर, प्रत्यक्ष दुरुस्ती. वाकळ पलंगावर पसरून काही कळत नाही; गादी तिच्या सगळ्या खोड्या पोटात घालते. ती फरशीवर उलटी अंथरावी आणि डोळ्यांपेक्षा तळहातावर विसंबून चाचपावी. जिथे कापड फुगलंय तिथे नव्हे, तर त्याच्या आजूबाजूला जिथे ते तंबोऱ्याच्या तारेसारखं ताणलंय, तिथे साबणाच्या वडीने खूण करावी. ताण ज्या दिशेला जातो त्या दिशेने बोट सरकवत गेलं की चुणीचं माहेर सापडतं: एखादा आटलेला चौकोन, ताणलेला त्रिकोण, नाहीतर आवळलेला दोरा. आधी दोऱ्यालाच मोकळं करावं. मागच्या बाजूने दर चार-सहा टाक्यांनी एक टाका कापायचा, म्हणजे कापड न फाटता ओळ सुटते. एकदम टोक धरून ओढणारा माणूस वाकळेच्या कामाचा नाही, त्याला लसूण सोलायला द्यावं. ओळ सुटली की पाणी शिंपडून, हाताने थापटून, वर पाटा ठेवून एक रात्र सोडून द्यावं. अर्ध्याअधिक चुण्या इथेच जातात, कारण त्यांना कापायची-शिवायची गरज नव्हती, नुसती उसंत हवी होती. उरलेल्यांचे दोन प्रकार. कापड जास्त असेल तर तुकड्याची एक बाजू उसवून तेवढं आत दुमडायचं, आणि लाज न बाळगता घडी शिवून टाकायची. कापड कमी पडत असेल, म्हणजे आटलेला तुकडा शेजाऱ्यांना ओढत असेल, तर तो चिरून मधे कळी घालायची, पैरणीला बगलेत घालतात तशी. कळी जुन्या, धुतलेल्या सुती कापडाचीच; कोरं कापड घालून ही सगळी कहाणी पहिल्यापासून सुरू करण्यात अर्थ नाही. मग लांब लांब कच्चे टाके, आणि ते दुरुस्तीच्या मधून बाहेरच्या दिशेने. इथे पाश्चात्त्य पक्षाला खुशाल मत द्यावं, कारण कडा आता बांधलेल्याच आहेत. शेवटी धावदोरा, सगळे पदर आरपार घेत, जुन्या ओळींच्या अंतराशी मिळता, आणि दोऱ्याला प्रत्येक वितीला बोटभर ढील देत. ही ढील म्हणजेच सगळी विद्या. सुई कोणालाही चालवता येते. सैल कुठे सोडायचं ते कळायला वय लागतं, असं म्हणतात, पण वय झालेल्यांनीही आवळून शिवलेल्या वाकळा जगात भरपूर आहेत.

इतका खटाटोप कशाला, सगळी उसवा आणि नवी शिवा, असं म्हणणारा पक्ष मोठा आहे आणि त्याच्याकडे मुद्दे आहेत. मधलं भरण कुजलं असेल, दर वितीला सुई जाताच कापड विरत असेल, तर दुरुस्ती म्हणजे हट्ट, हे मलाही पटतं. किल्लारीसह ५२ गावं मोडली ती मोडलीच. तिथे आभाळच फाटलं होतं, ठिगळाचा प्रश्न नव्हता. ती नव्या जागी, नव्या आखणीने वसवली. २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट अशी तीन मापांची घरं, जमिनीच्या मालकीप्रमाणे वाटलेली, रुंद सरळ रस्ते, चौकोनात चौकोन. वरून बघावं तर एकही चुणी नाही. पण जुन्या गावात भिंतीला भिंत लागून राहणारी भावकी आणि शेजार त्यात विखुरला, हाकेचं अंतर चालण्याचं झालं, आणि मग लोकांनी त्या कोऱ्या चादरीवर स्वतःची शिवण सुरू केली. पुढे पत्र्याचं शेड, बाजूला गोठा, मागे आडोसा, दोन घरांच्या मधे चुलत्याचं एक खोपट. अधिकारी याला अतिक्रमण म्हणतात. मला ती वाकळ वाटते.

पण त्याच भूकंपानंतरच्या दुसऱ्या पुनर्वसन कार्यक्रमातून माझ्या पक्षाला जो धक्का बसला तो लपवणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. जी गावं हलवायची नव्हती, तिथली तडे गेलेली घरं दुरुस्त आणि बळकट करायला जागतिक बँकेच्या कर्जातून मदत दिली गेली; अशी दोन लाखांच्या घरात घरं होती. सळई, काँक्रीट, आरपार टाके, सगळं शास्त्र हाताशी. आणि लोकांनी काय केलं? बहुतेकांनी जुन्या माळवदाला हात न लावता त्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. म्हणजे वाकळ दुरुस्तीला पैसे दिले आणि लोक बाजारातून चादर घेऊन आले. यावरून दुरुस्ती कोणालाच नको असते असा निष्कर्ष काढता येतो. मी काढत नाही. दगडी भिंतीची त्या वर्षी जी धडकी भरली होती, तिला कुठल्याही मानकात क्रमांक नव्हता. ज्या वाकळेवर झोप येत नाही ती कितीही छान शिवली तरी कोणी अंगावर घेत नाही. पण माणसं नव्या खोलीत झोपायला गेली तरी जुनं माळवदही सगळ्यांनी पाडलं नाही. धान्य, औजारं आणि पाहुणे तिथेच ठेवले. पाहुण्यांबद्दलचं आपलं धोरण वाकळेपासून भिंतीपर्यंत सारखंच आहे, हे यातून दिसतं.

कलावंतांचा आक्षेप जरा वेगळा. ते म्हणतात, वाकडेपणातच सौंदर्य आहे, हात लावू नका. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या गावच्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या वाकड्यातिकड्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये लागल्या, लोकांनी रांगा लावल्या, २००६ साली त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. सगळं खरं, आणि त्या गोधड्या आहेतच तशा देखण्या. पण वाकडी रेघ आणि चुणी एक नव्हेत. रेघ ही शिवणारीची मर्जी, चुणी ही कापडाची तक्रार. आणि संग्रहालयात गोधडी भिंतीवर टांगतात. तिच्यावर कोणी कूस बदलत नाही. आपल्याकडेही गाडगेबाबा ठिगळांची गोधडी पांघरून फिरले, लोक त्यांना गोधडेबाबाच म्हणत, पण तिला चुण्या किती होत्या हे कोणी नोंदवलेलं नाही. ज्याच्या डोक्याखाली रात्री दगड असतो त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

राहता राहिला व्यवहारी माणूस. तो सोलापुरी चादरीचं नाव घेतो, आणि मी लगेच निरुत्तर होतो, कारण सोलापुरी चादर खरोखरच चांगली असते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. फक्त ती एकपदरी. ऊब येते ती पदरांच्या मधे कोंडलेल्या हवेतून, आणि रब्बीची ज्वारी हुरड्यात असताना रानात जागलीला जाणाऱ्याला विचारलं तर तो चादर खाली आणि वाकळ वर, असा निकाल दोन्ही पक्षकारांना राजी करून देईल. यावर चुणीचे समर्थक म्हणतात, चुणीतही हवा कोंडते, म्हणजे ती ऊबच देते. देते ना. बरोबर तेवढ्या सुपारीएवढ्या जागेत देते. बाकीचं अंग उघडं पडतं, कारण जे कापड पायापर्यंत पुरायचं ते मधे गोळा होऊन बसलेलं असतं. अंथरूण पाहून पाय पसरावे हे ठीक, पण अंथरूणच रात्रीतून वीतभर आखडत असेल तर रोज पाहायचं किती?

मशीनवर शिवून घ्या म्हणणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की मशीनचा खालचा दात तळपदर पुढे ओढतो आणि वरचा पाय वरचा पदर मागे रेटतो. चुणी तयार करण्याचं याहून कार्यक्षम यंत्र सांगून मिळणार नाही. शहरातल्या दुकानांत आता हाताने शिवलेल्या गोधडीला जी किंमत पडते, ती ऐकून गावातल्या आज्या आपल्या ट्रंकेकडे संशयाने बघू लागल्या आहेत. तिथे चुणी असली तर तिला 'हस्तकलेचा अस्सल पुरावा' म्हणतात आणि किंमत वाढवतात. हा उपाय दुरुस्तीपेक्षा स्वस्त आहे हे नाकारता येत नाही.

ज्यांना तो परवडत नाही, त्यांनी काम झाल्यावर परीक्षा घ्यावी. वाकळ जमिनीवर सुलट अंथरावी, जिथे बालाघाट होता तिथे तांब्या काठोकाठ पाण्याने भरून ठेवावा आणि घरातल्या एखाद्या लेकराला शेजारून दोनदा पळू द्यावं. पाणी हललं नाही तर जेवायला बसावं. सांडलं, तर लगेच उसवायला घेऊ नये. आधी वाकळ गुंडाळून खालची जमीन सपाट आहे का ते बघावं. दुसऱ्या गावात ही शंका कोणी घेणार नाही. किल्लारीत घ्यावी.